मुदतवाढ मिळाली, खर्च कोणी सोसला?

कोरोनाच्या टाळेबंदीने बांधकामाच्या धंद्यात जे वाद उभे केले, त्यातले काही लवादांपुढे आणि न्यायालयांत अजूनही चालू आहेत. पुढचा संवाद दोघांचा आहे. मामा पुण्याच्या आसपास सरकारी आणि खासगी आरसीसी कामं घेणारा कंत्राटदार, तर भाची घरखरेदीदारांच्या बाजूने महारेरापुढे उभी राहणारी वकील. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांच्या बोलण्यातली कलमं, आदेश आणि निकाल खरे आहेत. मी अधूनमधून बोलेन, आणि माझं मत कुठे झुकतं ते लपवणार नाही.

मामा: तुम्ही वकील मंडळी कलमापासून सुरुवात करता, मी साइटपासून करतो. २४ मार्च २०२०, मंगळवार. रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारापासून सगळं बंद. दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडवा झाला की गुरुवारी चाकणच्या कामावर तिसरा स्लॅब टाकायचा होता. सेंट्रिंग झालेलं, सळई बांधून झालेली, लाइटच्या पाइपा टाकलेल्या, आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, ऑर्डर दिलेली. गाडी आलीच नाही. प्लेटा आणि जॅक भाड्याचे, त्यांचं भाडं दिवसावर. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा सळईला गंज चढला होता, प्लाय फुगून सांधे उकलले होते, आणि गोदामातल्या सिमेंटच्या गोण्या दगड झाल्या होत्या. ब्रश मारून सळई साफ केली, अर्धं सेंट्रिंग नव्याने केलं, आणि मग स्लॅब पडला. हे पैसे मी कोणाकडे मागायचे?

भाची: करारात काय लिहिलं होतं?

मामा: अशा आपत्तीत मुदत वाढेल, दंड लागणार नाही. भरपाईचं नाव नाही. १३ मे २०२० ला केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने पत्रक काढलं, तेही त्याच वळणाचं. २० फेब्रुवारीनंतर पुरी व्हायची कामं असतील त्यांना तीन ते सहा महिने वाढ, कंत्राटदारावर खर्च किंवा दंड लादायचा नाही. चांगलं झालं, नाही म्हणत नाही. पण बंद पडलेल्या मिक्सरचं, भाड्याच्या प्लेटांचं, घरी बसवून पगार दिलेल्या सुपरवायझरचं काय, त्यावर एक ओळ नाही.

भाची: मामा, जोखीम वाटून घ्यायची ती पद्धतच आहे. आपत्ती ना तुमच्या चुकीने आली, ना मालकाच्या. म्हणून तुम्हाला वेळ, मालकाला दंड सोडून देणं, आणि आपापलं नुकसान आपापल्याकडे. न्यायालयांनी ही रेषा फार जपून आखली आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५६ वाचा. करार पाळणं अशक्य झालं तर तो संपतो. महाग झालं, अवघड झालं, एवढ्यावर संपत नाही. 'सत्यव्रत घोष' खटला तर बांधकामाशीच जोडलेला. कलकत्त्यात एका कंपनीने प्लॉट विकले होते, रस्ते आणि गटारं तिने करून द्यायची होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ती जमीन ताब्यात घेतली. कंपनी म्हणाली, करार संपला. सर्वोच्च न्यायालय १९५३ मध्ये म्हणालं, काम लांबलं, संपलं नाही. २०१७ च्या 'एनर्जी वॉचडॉग' निकालात इंडोनेशियाच्या कोळशाचा भाव चढला होता, तरी कोर्टाने कंपन्यांना सूट दिली नाही.

मामा: कोळशाचा भाव बाजार चढवतो. माझं काम सरकारने हुकूम काढून बंद केलं. या दोन गोष्टी एका मापाने कशा मोजता?

भाची: हा फरक खरा आहे, आणि कोर्टाने तो पाहिला. दिल्ली उच्च न्यायालयात हॅलिबर्टन आणि वेदांता यांचा वाद गेला होता, राजस्थानातल्या तेलविहिरींच्या कामाचा. एप्रिल २०२० मध्ये कोर्टाने बँक गॅरंटी वटवण्याला तात्पुरती मनाई दिली, कारण टाळेबंदी खरीच होती. २९ मे ला मात्र ती मनाई उठली. कंत्राटदार सप्टेंबर २०१९ पासूनच मागे पडला होता. आधीच्या ढिलाईवर मार्चच्या टाळेबंदीचं पांघरूण घालता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही ८ एप्रिलला पोलाद आयात करणाऱ्यांना हेच ऐकवलं. टाळेबंदी थोड्या काळाची आहे, तिच्या आडोशाने पैसे द्यायचे टाळू नका.

मामा: मोठ्यांच्या खटल्यांतून छोट्यांचा कायदा होतो, हेच माझं दुखणं आहे. त्यांच्याकडे कागद सांभाळायला माणसं असतात. कराराप्रमाणे अडथळ्याची नोटीस ठरलेल्या दिवसांत द्यायची असते. माझ्या ओळखीच्या कितीतरी ठेकेदारांनी ती दिली नाही. त्यांना वाटलं, साऱ्या देशाला जे माहीत आहे ते लिहून काय कळवायचं? ऑफिसला कुलूप, टपाल बंद, कार्यकारी अभियंता घरी. पुढे बिल करताना पहिला प्रश्न आला तो हिंडरन्स रजिस्टरचा. रजिस्टर साइटवर, सही करणारा साहेब गावी.

भाची: नोटीस नसेल तर कोणाचं काम कशामुळे थांबलं हे दोन वर्षांनी लवादाने कसं ठरवायचं? एका साइटवर मजूर होते आणि सिमेंट नव्हतं, दुसरीवर सिमेंट होतं आणि मजूर गेले, तिसरीवर नकाशाच मंजूर नव्हता. तिन्ही ठिकाणी कारण कोरोनाच लिहिलं गेलं.

मामा: तिसऱ्याचं मी समर्थन करत नाही. पण नुकसान आपापल्याकडे म्हणतेस, त्याचा पुढचा परिणाम बघ. २०२१ मध्ये लोखंडाचा भाव असा चढला की जुन्या दराने घेतलेली कामं अंगावर आली. सरकारी मोठ्या कामांत भाववाढीचं कलम असतं, छोट्या ठोक कामांत बहुधा नसतं. यातून शहाणा झालेला ठेकेदार पुढच्या टेंडरमध्ये ती भीती दरात धरून भरतो. आपत्ती आली नाही तरी तिचे पैसे सरकार देतं, म्हणजे लोक देतात. त्यापेक्षा आपत्ती आली तर ठरलेला वाटा द्या, नाही आली तर देऊ नका. हे स्वस्त पडेल.

मामांचा हा मुद्दा मला पटतो. सरकारलाही तो उशिरा का होईना पटला असावा. २०२३ च्या अर्थसंकल्पात 'विवाद से विश्वास' ही योजना आली. १९ फेब्रुवारी २०२० ते ३१ मार्च २०२२ या काळात मूळ मुदत संपणाऱ्या करारांत लघु-मध्यम उद्योगांची जी अनामत जप्त झाली किंवा दंड कापला गेला, त्यातले ९५ टक्के परत. म्हणजे पत्रकं निघूनही कापाकापी झाली होती, हे सरकारनेच मान्य केलं. योजना केंद्राच्या खात्यांपुरती आणि केंद्राच्याच उपक्रमांपुरती होती. तीन वर्षं पैसे अडकलेला छोटा ठेकेदार तोवर तगला असेल तर त्याचा उपयोग.

भाची: तुम्हाला वेळ तरी मिळाला. माझ्या अशिलांचा वेळ तर त्यांच्याकडून घेतला गेला. घर घेणाऱ्याचं गणित बघा. घरभाडं चालू, कर्जाचा हप्ता चालू, ताबा २०२० च्या मध्यावर मिळणार होता. महारेराने २ एप्रिलला तीन महिने मुदत वाढवली, १८ मे ला ती सहा महिन्यांची केली. १५ मार्च ते १४ सप्टेंबर २०२० हा काळ आपत्तीचा धरला आणि व्याजाच्या हिशेबातून वगळला. २०२१ मध्ये दुसरी लाट आली, ६ ऑगस्टला आणखी सहा महिने दिले, १५ एप्रिल ते १४ ऑक्टोबर. रिझर्व्ह बँकेनेही हप्त्याला ऑगस्ट २०२० पर्यंत स्थगिती दिली होती, पण हप्ता थांबला तरी कर्जावरचं व्याज चढतच होतं. बिल्डरने ग्राहकाला द्यायचं विलंबाचं व्याज थांबलं, ग्राहकाने बँकेला द्यायचं व्याज थांबलं नाही. ही मुदतवाढ ग्राहकाच्या पैशाने दिली गेली आणि त्याला कोणी विचारलंही नाही.

मामा: ग्राहकाने बिल्डरला उशिरा दिलेल्या हप्त्याचंही व्याज त्या काळात वगळलं होतं, तेही सांग.

भाची: सांगते, वगळलं होतं. पण काम बंद असताना बांधकामाशी जोडलेला हप्ता मागायला फारसा आधारच नव्हता. पारडी सारखी नव्हती.

मामा: मग काय करायला हवं होतं? मुदत न वाढवता सगळ्या बिल्डरांवर व्याज बसवायचं? निम्म्या इमारती सांगाडे होऊन उभ्या राहिल्या असत्या. व्याजाचा दावा जिंकून तुझ्या अशिलाला कागद मिळाला असता, घर मिळालं नसतं. बँका बुडीत खाती घेऊन बसल्या असत्या. म्हणून तर दिवाळखोरीची नवी प्रकरणं एक वर्ष बंद ठेवली. कोसळणारी भिंत आधी टेकू देऊन धरायची असते, भांडण नंतर.

भाची: टेकू द्या, पण कोणती भिंत कोसळते आहे ते बघून द्या. रेरा कायद्याच्या कलम ६ मध्ये आपत्तीची यादी आहे. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाने आणलेलं दुसरं संकट. आणि पुढे अट आहे, त्याचा प्रकल्पाच्या नेहमीच्या कामावर परिणाम व्हायला हवा. म्हणजे परिणाम दाखवायचा असतो. महाराष्ट्राच्या नमुना करारात सरकारी आदेशामुळे झालेला विलंबही धरला आहे, त्यामुळे टाळेबंदी बसते, यावर माझा वाद नाही. वाद सरसकटपणावर आहे. मार्चमध्ये ताबा द्यायचा आणि फेब्रुवारीत फक्त पाया भरलेला, अशा प्रकल्पालाही सहा महिने. नुसत्या लिफ्टसाठी अडलेल्या प्रकल्पालाही सहा महिने.

मामा: हजारो प्रकल्प होते. टाळेबंदीत एकेकाची सुनावणी कोण घेणार होतं?

भाची: सुनावणी लागलीच नसती. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. त्यातून पैसे काढायचे तर काम किती झालं याचा वास्तुविशारद, अभियंता आणि सीए यांचा दाखला लागतो. दर तीन महिन्यांनी माहिती संकेतस्थळावर टाकायची असते. मार्च २०२० ला कोणता प्रकल्प कुठे होता हे कागदावर होतं. ज्याचं काम वेळापत्रकात होतं त्याला पूर्ण सहा महिने, जो आधीच वर्षभर मागे होता त्याला कमी, अशी पायरी लावता आली असती. हॅलिबर्टनच्या निकालाने जे कंत्राटदाराला लावलं, ते बिल्डरला का लावलं नाही?

मामा, तुमचं यावर उत्तर काय, असं मीच त्यांना विचारतो.

मामा: उत्तर नाही. एवढंच म्हणेन की मे २०२० मध्ये बसून निर्णय घेणाऱ्याला पुढचं दिसत नव्हतं. पण ऑगस्ट २०२१ चा आदेश निघाला तेव्हा दिसत होतं. दुसऱ्या लाटेत आमच्या बऱ्याच साइट चालू होत्या. मजूर साइटवरच राहत असेल तर काम करायला मुभा होती. तेव्हा पायरी लावायला हवी होती, हे मान्य.

भाची: नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'न्यूटेक' प्रकरणात सांगितलं की ठरलेल्या वेळी ताबा मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे, अकल्पित घटना घडल्या तरी तो उरतो. त्या एका परिच्छेदावर मी कितीतरी अर्ज उभे केले. पण पैसे परत घेऊन त्याच भागात तेवढ्याच रकमेत दुसरं घर मिळत नाही, म्हणून बहुतेक जण थांबतात आणि व्याजच मागतात. तिथे पुन्हा वगळलेले महिने आडवे येतात.

मामा: आणि बिल्डरला जे मिळालं ते ग्राहकालाही पोचलं की. मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरला बांधकाम परवानगीच्या अधिमूल्यात निम्मी सूट दिली, ती ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायच्या अटीवर.

भाची: नवीन घेणाऱ्याला पोचलं. २०१७ मध्ये नोंदणी करून बसलेल्याला काय?

इथवर भांडण दोन करार करणाऱ्यांचं होतं. दोघांच्याही हातात कागद होता, वकील होता, दावा करायची मुदत संपू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळलाही होता. ज्याच्या हातात कागदच नव्हता, त्याच्याकडे संवाद वळवायला हवा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा खरा निवाडा तिथेच होतो.

मामा: माझ्या चाकणच्या साइटवर बासष्ट माणसं होती. झारखंड, बिहार, थोडे नांदेड-परभणीचे. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत सहा-सात. नावं मुकादमाच्या वहीत, तीही अशी, 'राजू बारबेंडर', 'छोटा राजू'. दर शनिवारी खर्ची द्यायची, हिशेब गावी जाताना. मी सव्वा महिना किराणा भरला, खर्ची दिली. तरी ते मे मध्ये निघाले. मी अडवलं नाही, पण वाटलं होतं की थांबावेत. १५ एप्रिलला केंद्राने नियम काढला की ज्या साइटवर मजूर हजर आहेत, बाहेरून आणावे लागत नाहीत, तिथे २० तारखेपासून काम चालू करता येईल. मजूर राहिले तर काम, गेले तर बंद.

भाची: त्या नियमात मजुराने राहायचं की नाही हे त्याला विचारा, असं कुठे होतं? तेलंगणात संगारेड्डीजवळ आयआयटीच्या इमारतींवर काम करणारे मजूर एप्रिलअखेरीस रस्त्यावर उतरले, पगार द्या आणि घरी जाऊ द्या म्हणून. १ मे ला देशातली पहिली श्रमिक रेल्वे लिंगमपल्लीहून झारखंडात हटियाला सुटली, ती याच मजुरांना घेऊन. त्याच आठवड्यात कर्नाटकात बिल्डरांची मुख्यमंत्र्यांशी बैठक झाली आणि मजुरांच्या रेल्वे रद्द झाल्या. देशभर आरडाओरड झाली तेव्हा परत सुरू केल्या. ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेली सोळा माणसं मालगाडीखाली गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले कामगार, मध्य प्रदेशात घरी चाललेले.

मामा: ते वाचल्यावर मी मुकादमाला फोन करून विचारलं, आपली माणसं कुठवर पोचली. त्याला चौघांचाच पत्ता लागला.

भाची: मामा, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा लागू होता. त्याच्या कलम १५ प्रमाणे गावाहून कामावर येण्याचं आणि कामावरून गावी जाण्याचं भाडं कंत्राटदाराने द्यायचं, प्रवासाच्या दिवसांची मजुरीही. त्याने दिलं नाही तर मूळ मालकाने. रेल्वेचं तिकीट केंद्राने काढायचं की राज्याने यावर महिनाभर वाद झाला. चाळीस वर्षांपूर्वी ते कंत्राटदाराच्या नावावर लिहून ठेवलेलं होतं, आणि त्या वादात कलम १५ चं नाव क्वचितच ऐकू आलं.

मामा: कारण त्या कायद्याखाली नोंदणी कोणी करतच नव्हतं. मीही नाही, मला काम देणाऱ्यानेही नाही. अधिकारीही विचारत नव्हता.

भाची: आणि उपकर? बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर तेव्हा १९९६ च्या कायद्याने द्यावा लागायचा.

मामा: तो भरला. सरकारी कामात बिलातूनच कापतात. एक रुपया चुकत नाही.

भाची: हेच मला सांगायचं आहे. पैसा चुकत नाही, माणूस चुकतो. २४ मार्चला केंद्राने राज्यांना कळवलं की उपकराच्या निधीतून बांधकाम कामगारांच्या खात्यात थेट पैसे टाका. त्या निधीत तेव्हा सुमारे ५२,००० कोटी रुपये होते, नोंदलेले कामगार साडेतीन कोटी. महाराष्ट्राने एप्रिल २०२० मध्ये प्रत्येकी २,००० रुपये दिले, पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत १,५००. पण मिळाले कोणाला? बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंद असलेल्याला. नोंदीला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्या बासष्टांपैकी किती जणांना तुम्ही ९० दिवसांचा दाखला दिला होता?

मामा: एकालाही नाही. कोणी मागितला नव्हता.

भाची: मागायला तो असतो हे त्यांना माहीत हवं. तीन साइट, तीन मुकादम, तीन जिल्हे असं वर्ष काढणारा माणूस ९० दिवस कोणाकडून लिहून घेणार?

मामा: पगाराचा आदेशही टिकला नाही ना?

भाची: नाही. २९ मार्चला गृह मंत्रालयाने सांगितलं, टाळेबंदीत पूर्ण पगार द्या. मालक कोर्टात गेले. १८ मे पासून सरकारनेच तो आदेश मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मालक-कामगारांनी बोलून मिटवा. 'छोटा राजू' कोणाशी बोलणार होता? तो तोवर पलामूला पोचला होता.

मामा: खरं सांगायचं तर ज्याला पगारपत्रक आहे त्यालाच तो आदेश लागू पडत होता. आमच्या धंद्यात पगारपत्रक सुपरवायझरपर्यंतच येतं. जुलैत काम सुरू करताना मात्र याच माणसांसाठी आम्ही बस पाठवल्या. जाताना भाडं द्यायला कोणाला सुचलं नाही, आणताना सगळ्यांना सुचलं.

भाची: मग आता नवीन करारात काय लिहाल? साथीचा उल्लेख तर हल्ली सगळेच घालतात.

मामा: तो एक शब्द घालून भागणार नाही. मुदतवाढीबरोबर रिकाम्या दिवसांच्या खर्चाचा ठरलेला वाटा लिहावा, यंत्रांचं भाडं आणि साइटवरच्या माणसांचा खर्च निम्मा-निम्मा, आणि तो किती दिवसांपर्यंत याची मर्यादा. नोटीस ईमेलने चालेल असं स्पष्ट लिहावं. आणि चालू कामाच्या आरए बिलासोबत हजेरीपत्रक जोडलं नाही तर बिल पास करू नये. पूर्ण नाव, गाव, मंडळाचा नोंदणी क्रमांक. बिल अडलं की दुसऱ्या दिवशी सगळी नावं मिळतात, हे मी चाळीस वर्षांच्या धंद्यावरून सांगतो.

भाची: आणि घराच्या करारात?

मामा: ते तू सांग.

भाची: आपत्तीचं कलम नमुना करारातलंच ठेवा, त्यात बिल्डरने भर घातली असेल तर सही करू नका. मुदतवाढ मागणाऱ्या बिल्डरने आपत्तीच्या आदल्या दिवशी काम किती झालं होतं याचे तिन्ही दाखले ग्राहकांना द्यावेत. आणि वगळलेल्या महिन्यांचं व्याज सगळंच ग्राहकाच्या गळ्यात न टाकता त्याचा काही भाग बिल्डरने सोसावा. दोन करार करणाऱ्यांमध्ये तुम्ही निम्मा वाटा मागता, तो न्याय इथेही लावा.

मामा: लावायला हरकत नाही.

दोघांच्या या मागण्यांपैकी मजुरांच्या नोंदणीची मागणी अशी आहे की तिला नवा कायदा लागत नाही, महारेराचा आदेश लागत नाही, न्यायालयाची तारीख लागत नाही. नोंदणीला लागणारा ९० दिवसांचा दाखला कंत्राटदार आज लिहून देऊ शकतो. ग्रामपंचायत आणि महापालिकाही देऊ शकतात. तुमचं घर बांधलं जात असेल, सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल, निदान इमारतीला रंग लागत असेल, तर बिल्डरच्या किंवा ठेकेदाराच्या माणसाला विचारा की इथे काम करणाऱ्यांपैकी किती जणांची मंडळाकडे नोंद आहे. सोसायटीच्या सभेत हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढचा हप्ता देण्याआधी उत्तर मागा.